एकट्याने सोसू नये: चाळिशीनंतरची उभारी

परभणी जिल्ह्यातल्या कुठल्याही गावात दुष्काळाचा विषय निघाला की सत्तरी ओलांडलेलं कुणीतरी हमखास बहात्तर सालावर येतं. मिलोची लाल भाकरी, कामावर वाटली जाणारी सुकडी, खडी फोडून हाताला आलेले फोड, कोरड्या पडलेल्या विहिरी. सगळं सांगून झालं की नजर घरातल्या पंचेचाळिशीच्या मुलाकडे वळते आणि प्रश्न येतो, ‘आम्ही एवढं काढलं, तुम्हाला काय झालं?’

या प्रश्नामागे माया असते, पण हिशेबातली मोठी रक्कम त्यात सुटलेली असते. १९७२-७३ च्या दुष्काळात सरकारने राज्यभर कामं काढली होती. पाझर तलाव, नालाबंडिंग, रस्ते. मे १९७३ च्या सुमारास महाराष्ट्रात जवळपास ५० लाख माणसं अशा कामांवर होती. त्याच अनुभवातून पुढे रोजगार हमी कायदा आला आणि देशाची रोजगार हमी योजनाही त्याच मुळावर वाढली. बहात्तरची माणसं चिवट होती, यात शंकाच नाही. पण त्या चिवटपणाला रोजच्या मजुरीचा आधार होता आणि शेजारी तीच खडी फोडणारी शेकडो माणसं होती. संकट सगळ्यांचं होतं, त्यामुळे ते कुणालाही लपवावं लागलं नाही.

आजचा पन्नाशीकडे झुकलेला माणूस वेगळ्या जागी उभा आहे. पीककर्ज त्याच्या एकट्याच्या नावावर आहे. मुलगा पुण्यात खोली घेऊन स्पर्धा परीक्षेची तयारी करतोय, मुलीच्या लग्नाचं बघायचं आहे, आईच्या डोळ्याचं ऑपरेशन राहिलं आहे. सोयाबीन काढणीला आलं की पाऊस कोसळतो. सप्टेंबर २०२४ च्या पहिल्याच दिवसांत जिल्ह्याने ते पाहिलं, २०२५ च्या सप्टेंबरमध्ये तर सगळ्या मराठवाड्याने पाहिलं. पीक हाती लागलं तरी भाव असेलच असं नाही. २०२४-२५ च्या हंगामात सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला ४,८९२ रुपये होता आणि बाजारात कित्येकांना त्याहून कमी भावात माल घालावा लागला. या सगळ्याची बेरीज तो मनातल्या मनात करत असतो आणि घरात विचारलं तर ‘काही नाही’ म्हणतो.

संकटातही तग धरणाऱ्या माणसांचा अभ्यास जगभर पन्नासएक वर्षं चालू आहे. त्यातून पुन्हापुन्हा पुढे येणारी गोष्ट परभणीच्या माणसाच्या फार कामाची आहे. उभारी ही कुणाच्या रक्तात असलेली आणि कुणाच्या नसलेली देणगी नव्हे. ती बरीचशी माणसाच्या भोवती असते: कुणाशी बोलता येतं, दिवसाला काही वळण आहे का, देण्याघेण्याचा हिशेब डोळ्यासमोर आहे का, तब्येतीची तपासणी वेळेवर झाली का. यातलं पुष्कळ काही मध्यमवयात नव्याने उभं करता येतं.

आधी शरीराचं ऐकावं

ताण आला की शरीरात अॅड्रिनॅलिन आणि कॉर्टिसोल वाढतं, काळजाचे ठोके वाढतात, रक्तातली साखर चढते. साप दिसल्यावर पळायला याचा उपयोग होतो आणि धोका टळला की सगळं पूर्ववत होतं. मात्र धोका सहा-सहा महिने टळतच नाही, तेव्हा हीच यंत्रणा शरीर झिजवू लागते. रक्तदाब वर राहतो, पोटाचा घेर वाढतो, झोप तुटते, साखर बिघडते. विशी-तिशीतलं शरीर ही झीज भरून काढतं. चाळिशीनंतर ते जमेनासं होतं.

भारतीयांच्या बाबतीत हे जास्त गंभीरपणे घ्यायला हवं. हृदयविकाराच्या झटक्याची कारणं शोधणाऱ्या ‘इंटरहार्ट’ या ५२ देशांतल्या अभ्यासात दक्षिण आशियातल्या लोकांना पहिला झटका साधारण ५३ व्या वर्षी आलेला दिसला. इतर देशांतल्या लोकांपेक्षा तो पाच-सहा वर्षं आधीचा होता. घरी किंवा कामावर सतत ताणाखाली असल्याचं सांगणाऱ्यांना झटक्याचा धोका जवळपास दुप्पट होता. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीत प्रौढांपैकी ११.४ टक्क्यांना मधुमेह आणि ३५.५ टक्क्यांना उच्च रक्तदाब आढळला. म्हणजे पारावर दहा माणसं बसली असतील तर तीन-चार जणांचा बीपी वाढलेला असण्याची शक्यता आहे, आणि त्यातल्या काहींना ते माहीतही नसेल.

म्हणून पहिलं काम साधं आहे. तिशी ओलांडलेल्या प्रत्येकाची रक्तदाब आणि साखरेची तपासणी गावच्या उपकेंद्रात, म्हणजे आता ज्याला आयुष्मान आरोग्य मंदिर म्हणतात तिथे, मोफत होते. आशाताई घरी येऊन जो फॉर्म भरून घेतात तो त्यासाठीच असतो, तो टाळू नये. बीपी मोजण्याआधी अर्धा तास चहा आणि तंबाखू नको. पाच मिनिटं शांत बसावं, पाठ टेकलेली असावी, हात टेबलावर असावा. एकदा आकडा जास्त आला म्हणून घाबरू नये, पण वेगवेगळ्या दिवशी मोजूनही १४०/९० च्या वर राहिला तर उपचार लांबवू नयेत. सगळ्यात मोठी चूक होते ती पुढे. गोळ्यांनी बरं वाटू लागलं की गोळ्या बंद होतात. बरं वाटतंय ते गोळीमुळेच, हे डॉक्टरांनी आणि घरच्यांनी वारंवार सांगायला हवं. कमरेचा घेरही घरच्या टेपने मोजता येतो. पुरुषांत ९० सेंटिमीटर आणि बायकांत ८० सेंटिमीटरच्या पुढे गेला तर साखर तपासून घ्यावी.

मनाचा त्रास आपल्याकडे अनेकदा शरीराच्या भाषेतच दवाखान्यात पोचतो. ‘डोकं जड पडलंय’, ‘छातीत धडधड होते’, ‘अंगात ताकद नाही’, ‘पोटात गोळा येतो’. सलाईन लावून घेतलं की दोन दिवस बरं वाटतं आणि पुन्हा तेच. सगळ्या तपासण्या ठीक येऊनही हे चालू राहिलं, तर झोप कशी आहे, मन कशात लागतं का, हे डॉक्टरांना आपणहून सांगावं.

निम्म्या नाही, पण एक तृतीयांशाच्या जवळ

१९७० च्या सुमारास आरॉन अँटोनोव्हस्की हे समाजशास्त्रज्ञ इस्रायलमध्ये पाळी जाण्याच्या वयातल्या स्त्रियांचा अभ्यास करत होते. त्या स्त्रियांमध्ये हिटलरच्या छळछावण्यांतून वाचलेल्याही काही होत्या. छावणी न पाहिलेल्या स्त्रियांपैकी ५१ टक्क्यांचं मानसिक स्वास्थ्य चांगलं होतं आणि छावणीतून आलेल्यांपैकी २९ टक्क्यांचं. छळाने माणूस मोडतो, हे या आकड्यांतून सिद्ध झालंच. पण अँटोनोव्हस्की त्या २९ टक्क्यांपाशी थांबले. तो नरक, मग निर्वासितपण, मग नव्या देशात युद्धांच्या सावलीत संसार, आणि तरीही दर शंभरातल्या एकोणतीस जणी पन्नाशीत बऱ्या कशा? माणूस आजारी का पडतो याऐवजी माणूस बरा कसा राहतो, हा प्रश्न त्यांनी पुढची सगळी वर्षं लावून धरला.

त्यांना सापडलेल्या तीन गोष्टी अशा. आपल्यावर काय ओढवलंय ते माणसाला समजतं. त्याला तोंड द्यायला आपल्यापाशी किंवा आपल्या माणसांपाशी काहीतरी आहे, असं त्याला वाटतं. आणि त्यासाठी झटण्यात त्याला अर्थ दिसतो.

यातली पहिली गोष्ट परभणीच्या घरात आणायची तर वही लागते. कर्ज किती आहे, हे पुष्कळ घरांत फक्त एकाच माणसाला माहीत असतं आणि त्यालाही ते नेमकं माहीत नसतं. बँकेचं पीककर्ज, सोसायटीचं देणं, कृषी सेवा केंद्राची उधारी, बायकोच्या गटातलं कर्ज, सावकाराचे घेतलेले पैसे. हे सगळं नवरा-बायकोने एका बैठकीत, शक्यतो मोठ्या मुला-मुलीला सोबत घेऊन, एका पानावर लिहावं: कुणाचं, किती, कुठल्या व्याजाने, कधी द्यायचं. लिहिताना छाती दडपते, पण लिहून झाल्यावर आकडा कितीही मोठा असला तरी तो आकडाच असतो. मनात असताना तो किती वाढेल, याला सुमार नसतो.

लिहिलं की दुसरी गोष्ट हाताशी येते. नैसर्गिक आपत्ती जाहीर झाल्यावर पीककर्जाचं पुनर्गठन होऊ शकतं, पण त्यासाठी बँकेत जाऊन विचारावं लागतं आणि तोंड चुकवणाऱ्याला ते कळत नाही. विनापरवाना सावकारी हा महाराष्ट्राच्या २०१४ च्या कायद्याने गुन्हा आहे आणि त्याची तक्रार तालुक्याच्या सहायक निबंधकांकडे किंवा जिल्हा उपनिबंधकांकडे करता येते. रोजगार हमीचं काम मागणं हा हक्क आहे, त्यात कमीपणा नाही. इथे एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी. हमीभावाखाली विकलेल्या सोयाबीनचं नुकसान समुपदेशनाने भरून निघत नाही. मन घट्ट करा, असं सांगून धोरणाच्या चुका झाकणं हा अन्याय आहे. पण भावासाठी भांडायलाही झोप झालेला, तब्येतीने धड असलेला माणूस लागतो.

तिसरी गोष्ट, झटण्यातला अर्थ, बाहेरून कुणी देऊ शकत नाही. मध्यमवयात ती बहुधा पुढच्या पिढीच्या निमित्ताने सापडते, आणि ती पिढी पोटचीच असावी असंही नाही. शाळा व्यवस्थापन समितीत जाणारा, गावच्या तलावातला गाळ काढायला माणसं जमवणारा, पोरांना कबड्डी शिकवणारा माणूस स्वतःच्या अडचणींतून सुटलेला नसतो. त्याच्या दिवसात अडचणींखेरीज आणखी काहीतरी असतं, एवढंच, आणि तेवढ्याने बराच फरक पडतो.

चाळिशीत आता काय बदलणार, असं मानणाऱ्यांसाठी आणखी एका अभ्यासाची आठवण. एमी वर्नर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हवाईतल्या कवाई बेटावर १९५५ मध्ये जन्मलेल्या ६९८ मुलांचा चाळिशीपर्यंत मागोवा घेतला. गरिबी, भांडणं, आईबापांचं व्यसन किंवा आजारपण अशा घरांतली एक तृतीयांश मुलं पहिल्यापासून नीट वाढली. उरलेल्यांपैकी अनेकजण किशोरवयात भरकटले, पण चाळिशीला पोचेपर्यंत त्यांतलेही बहुतेक सावरलेले होते. सावरण्याची निमित्तं साधी होती: उशिरा घेतलेलं शिक्षण, भरवशाचा जोडीदार, एखादी नोकरी, श्रद्धावंतांचा समुदाय, मोठ्या आजारातून उठणं. नाशिकचं यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ १९८९ पासून हीच उशिराची वाट उघडी ठेवून आहे. लग्नामुळे शाळा सुटलेल्या बाईने पंचेचाळिसाव्या वर्षी पदवीचा अर्ज भरला तर घरातल्यांनी हसू नये, परीक्षेच्या दिवशी स्वयंपाक करावा.

जात्यापासून गटापर्यंत

परभणी जिल्ह्यातलं गंगाखेड हे संत जनाबाईंचं गाव. दळताकांडताना मन मोकळं करण्याची परंपरा इथल्या बायकांना कुणी शिकवायला नको. हेमा राईरकर आणि गी पॉइटव्हाँ यांनी महाराष्ट्रातल्या खेड्यांतून जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या, त्यांची संख्या एक लाखाच्या पुढे गेली. १९९६ मध्ये त्यांच्या गटाने जिल्ह्यातल्याच ताडकळसच्या गंगूबाई अंबोरे यांच्या आवाजात सीतेच्या वनवासाच्या ओव्या ध्वनिमुद्रित केल्या. त्या ऐकताना सीतेचं आणि गाणाऱ्या बाईचं दुःख वेगळं काढता येत नाही. पहाटेच्या अंधारात, शेजारणीच्या सोबतीने, सासर-माहेरचं सगळं जात्यापाशी बोललं जाई.

गिरणी आली आणि बाईचे कष्ट वाचले, ते चांगलंच झालं. मात्र बोलायची जागाही त्याबरोबर गेली, याची नोंद फारशी कुणी घेतली नाही. आज तिची जागा काही अंशी बचत गटाने घेतली आहे. गटाची बैठक हप्ते गोळा करून पंधरा मिनिटांत उरकली जाते तिथे ती जागा वाया जाते. ज्या गटात अध्यक्ष मुद्दाम विचारते, ‘मागच्या महिन्यात तू आली नव्हतीस, बरी आहेस ना?’, तिथे कर्जाखेरीजही पुष्कळ काही मिळतं. बैठकीच्या शेवटी अर्धा तास असाच ठेवावा. पैशाचा विषय बंद, वही मिटलेली.

मध्यमवयातल्या बाईच्या तब्येतीचा असाच न बोलला गेलेला एक प्रश्न परभणीच्या शेजारी, बीड जिल्ह्यात, २०१९ मध्ये देशापुढे आला. ऊसतोड कामगार स्त्रियांच्या गर्भाशयाच्या शस्त्रक्रियांची चौकशी करायला नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. पाहणी झालेल्या ८२,३०९ स्त्रियांपैकी १३,८६१ जणींची पिशवी काढलेली होती, म्हणजे दर सहा जणींमागे एकीची. देशभरात १५ ते ४९ वयोगटात हे प्रमाण ३ टक्क्यांच्या आसपास आहे. गंगाखेडच्या डोंगरपट्ट्यातूनही उचल घेऊन जोड्या ऊसतोडीला जातात. पाळीच्या दिवसांत खाडा झाला तर पैसे कापले जातात, फडात आडोसा नसतो, पाणी नसतं. ‘काढून टाकली की कटकट गेली’ हा सल्ला अशा बाईला सोयीचा वाटतो. त्याची किंमत नंतर कळते.

पिशवी काढायला सांगितली तर दुसऱ्या डॉक्टरचं मत घेतल्याशिवाय होकार देऊ नये, शक्यतो ते सरकारी रुग्णालयातल्या स्त्रीरोगतज्ज्ञाचं घ्यावं. अंगावरून जाणं किंवा जास्त रक्तस्राव यांवर बऱ्याच वेळा औषधांनी इलाज होतो. ज्यांचं ऑपरेशन आधीच झालं आहे त्यांनी जुने कागद काढून बघावं, पिशवीबरोबर बीजकोशही काढले आहेत का. काढले असतील तर शरीर एका दिवसात रजोनिवृत्तीत गेलेलं असतं. अंगातून गरम वाफा, रात्री घाम, चिडचिड, उदासी, हाडांची झीज आणि पुढे हृदयविकाराचा वाढता धोका, या सगळ्यावर वेळेत सल्ला मिळाला तर पुष्कळ करता येतं. नैसर्गिकपणे पाळी जातानाही हीच लक्षणं कमीजास्त दिसतात, भारतीय स्त्रीत बहुधा पंचेचाळिशी-सत्तेचाळिशीच्या सुमाराला. त्या काळात ‘आई हल्ली फार चिडते’ म्हणून विषय संपवू नये. पाळी जाऊन वर्ष झाल्यावर पुन्हा रक्त दिसलं तर मात्र त्याच आठवड्यात दवाखाना गाठावा.

सोसणाऱ्या बाईचं आपल्याकडे फार कौतुक होतं. त्या कौतुकापायी कित्येकींचं दुखणं कुणाच्या लक्षातच येत नाही.

मन लागत नाही, तेव्हा

उदासीचा आजार जडलेला माणूस म्हणतो, मन लागलं की कामाला लागेन. गोव्यात ‘संगत’ या संस्थेने डॉ. विक्रम पटेल यांच्या पुढाकाराने याच्या उलट्या बाजूने सुरुवात केली. मानसशास्त्राची पदवी नसलेल्या स्थानिक लोकांना प्रशिक्षण देऊन त्यांनी प्राथमिक आरोग्य केंद्रांत समुपदेशक म्हणून नेमलं. सहा ते आठ भेटी, प्रत्येक भेट अर्ध्या-पाऊण तासाची. समुपदेशक रुग्णाला विचारायचा, पूर्वी काय केल्यावर बरं वाटायचं आणि त्यातलं या आठवड्यात सगळ्यात लहान काय करता येईल? २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत तीन महिन्यांनंतर अशी मदत मिळालेल्यांपैकी ६४ टक्के लोकांचं नैराश्य ओसरलेलं होतं. नेहमीचे उपचार घेणाऱ्यांत हे प्रमाण ३९ टक्के होतं.

ही पद्धत घरीही सुरू करता येते. उद्याच्या दिवसातल्या दोनच गोष्टी रात्री ठरवाव्यात, त्याही ठरलेल्या वेळेच्या. सकाळी सहाला ओढ्यापर्यंत चालून येणं, संध्याकाळी हरिपाठाला जाऊन बसणं. मन लागो न लागो, ठरलेल्या वेळी तिथे जायचं. गोष्ट इतकी लहान असावी की वाईटातल्या वाईट दिवशीही ती होईल. आठवड्याने तिसरी वाढवावी. घरच्यांनी ‘एवढ्याने काय होणार’ म्हणू नये आणि शक्य असेल तर सोबत जावं.

दुसरा प्रयोग विदर्भातला. अमरावती जिल्ह्यातल्या तीस गावांमध्ये ‘विश्राम’ नावाच्या उपक्रमात गावातल्याच कार्यकर्त्यांनी घरोघर नैराश्याबद्दल बोलायला सुरुवात केली आणि गरजूंना समुपदेशक व डॉक्टरांपर्यंत नेलं. आधी नैराश्य असलेल्यांपैकी फक्त ४.३ टक्के लोक मदतीपर्यंत पोचत होते. अठरा महिन्यांनी हे प्रमाण २७.२ टक्क्यांवर गेलं. कोरडवाहू कापसाचा तोच पट्टा आणि तीच माणसं. बोलण्याची लाज कमी झाली आणि वाट दाखवणारं कुणीतरी गावातच सापडलं.

राज्य सरकारने २०१५ मध्ये मराठवाडा आणि विदर्भातल्या चौदा जिल्ह्यांसाठी सुरू केलेला ‘प्रेरणा’ प्रकल्प याच विचाराचा होता आणि त्यात परभणी होतं. आशा कार्यकर्तीने नऊ प्रश्न विचारायचे: झोप, भूक, थकवा, कामातलं लक्ष, जगण्यावरचं मन. ज्याला गरज आहे त्याला समुपदेशन आणि उपचारांकडे पाठवायचं. हे प्रश्न कुणी विचारले तर खरी उत्तरं द्यावीत, आणि कुणी विचारत नसेल तर गावाने आरोग्य केंद्रात जाऊन ते विचारले जावेत अशी मागणी करावी. उदासी दोन आठवड्यांहून जास्त टिकली, कामं अडू लागली, तर जिल्हा रुग्णालयातल्या मानसोपचार विभागात जावं. तिथल्या गोळ्यांनी वेड लागत नाही आणि योग्य देखरेखीखाली त्या घेतल्या तर आयुष्यभर चिकटतीलच असंही नाही.

दारूबद्दल मात्र गुळमुळीत बोलून भागणार नाही. ताण विसरायला घेतलेली दारू झोप तोडते, उदासी वाढवते आणि रागाच्या भरात नको ते करायला लावते. चाळिशीतल्या पुरुषाचा रोजचा पेला वाढतोय, हे दिसलं तर तो मजेत आहे असं समजू नये.

अशा क्षणी हाताशी येऊ नये म्हणून कीटकनाशकाचा डबा घरात असू नये. श्रीलंकेत कीटकनाशकं ठेवायला कुलपाच्या पेट्या वाटून पाहिल्या, त्याने आत्महत्या कमी झाल्या नाहीत. अतिविषारी औषधांवर टप्प्याटप्प्याने बंदी आली तेव्हापासून मात्र तिथलं आत्महत्यांचं प्रमाण १९९५ च्या तुलनेत ७० टक्क्यांच्या आसपास खाली आलं. शेतकरी कुटुंबाने एवढं करावं: फवारणीला लागेल तेवढंच औषध आणावं, उरलेलं घरी आणू नये, आणि दुकानदाराकडे कमी विषारी पर्यायाची मागणी करावी.

चालणं, भाकरी, सोबत

आहार-व्यायामाचा सल्ला सगळ्यांनी ऐकलेला असतो, म्हणून इथे थोडक्यात. आठवड्याला दीडशे मिनिटं दम लागेल असं चालावं. शेतात दिवसभर राबणाऱ्याला वेगळं चालायची गरज बहुधा नसते, पण दुकानात, शाळेत, कचेरीत बसणाऱ्या परभणीकराला ती नक्की असते. मेच्या उन्हात हे सकाळी सातच्या आत उरकावं. ताटात पुन्हा ज्वारी आणावी. वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठ आणि हैदराबादची इक्रिसॅट ही संस्था यांच्या कामातून २०१८ मध्ये आलेल्या ‘परभणी शक्ती’ या वाणात लोह आणि जस्त नेहमीच्या ज्वारीपेक्षा जास्त आहे. सोबत जवसाची चटणी, अंबाडीची भाजी, हरभऱ्याची डाळ असली की महागड्या डब्यांतल्या पावडरींची गरज उरत नाही. मीठ दिवसाला पाच ग्रॅमच्या आत, म्हणजे लोणचं आणि पापड रोज नकोत.

सोबतीकडे मात्र जास्त लक्ष द्यायला हवं. १४८ अभ्यासांचा एकत्र आढावा २०१० मध्ये प्रसिद्ध झाला. ज्यांचे माणसांशी संबंध घट्ट होते त्यांची त्या-त्या अभ्यासाच्या काळात जिवंत राहण्याची शक्यता सुमारे ५० टक्क्यांनी जास्त होती. पोरं पुण्या-मुंबईला ट्रॅव्हल्सने निघून गेली की जिंतूर, सेलू, मानवतच्या घरांत दोघंच उरतात आणि पुरुषाला अचानक कळतं की आपले सगळे संबंध कामापुरते होते. भजनी मंडळ, सकाळचा चालणाऱ्यांचा गट, वाचनालय, जुन्या वर्गमित्रांची महिन्यातून एकदा गाठ. यातलं एक तरी पन्नाशीच्या आत लावून घ्यावं. निवृत्तीनंतर बघू म्हटलं की ते होत नाही. ऐकू कमी येत असेल तर तपासून यंत्र लावावं. ऐकू न येणारा माणूस हळूहळू गप्पांतून बाजूला पडतो, आणि मध्यमवयातली बहिरेपणाची हेळसांड पुढे स्मृतिभ्रंशाचा धोका वाढवते.

शेवटी, ज्याच्या घरातलं माणूस खचलं आहे त्याच्यासाठी. ‘जगण्यात राम नाही’, ‘माझ्यामागे तुम्ही सुखी राहाल’ असं कुणी बोललं, अचानक हिशेब मिटवायला लागलं, जेवणझोप सोडली, तर सरळ विचारावं, जीव द्यायचे विचार येतात का? विचारल्याने तो विचार डोक्यात भरत नाही, उलट बोलायला वाट मिळते. उत्तर हो आलं तर रागावू नये, शपथा घालू नयेत, त्या माणसाला एकटं सोडू नये आणि घरातली औषधं, कीटकनाशकं त्याच वेळी बाहेर काढावीत. १४४१६ हा ‘टेलिमानस’ या मानसिक आरोग्याच्या मदतवाहिनीचा क्रमांक केंद्र सरकारने ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू केला. तो रात्रंदिवस चालतो, मोफत आहे आणि मराठीत बोलता येतं. ज्याला त्रास आहे तो फोन करायला तयार नसेल तर बायको, भाऊ, मुलगी, शेजारी, कुणीही फोन करून पुढे काय करावं ते विचारू शकतं. जीवाला लगेच धोका असेल तर ११२ लावावा आणि माणसाला घेऊन थेट जिल्हा रुग्णालयाच्या अपघात विभागात जावं.